पंचवीस टिपा, पण प्रश्न एकच

प्रश्न : मी पुण्यात एम. ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षात शिकते. लघुप्रबंधासाठी मी ‘१८९७ सालची पुण्यातील प्लेगची साथ आणि घरतपासणी : स्त्रियांचा अनुभव’ हा विषय घेतला आहे. लेखनाला हात घालण्यापूर्वी पंचवीस नोंदींची सटीप संदर्भसूची महिन्याभरात सादर करावी, असे मार्गदर्शक सरांनी सांगितले आहे. मी चाळीस शीर्षके जमवली आणि बारा नोंदींवर टिपा लिहून दाखवल्या. ‘या सगळ्या टिपा एकाच पुस्तकाच्या वाटतात,’ एवढेच म्हणून सरांनी त्या परत केल्या. त्या बारा टिपा सोबत पाठवत आहे. माझे नेमके काय चुकले? पूर्ण न वाचलेले पुस्तक सूचीत घेता येते का? वर्तमानपत्राची नोंद कशी करावी? मराठी आणि इंग्रजी नोंदी एकत्र लावाव्यात की वेगळ्या? आणि टिपा एआयकडून लिहून घेतल्या तर चालतील का?

उत्तर : तुमच्या बाराही टिपा मी दोनदा वाचल्या. त्यांतील नऊ टिपांचा शेवट ‘हे पुस्तक माझ्या विषयासाठी अत्यंत उपयुक्त आहे’ या वाक्याने झाला आहे, आणि सरांचा आक्षेप नेमका याच वाक्यावर असावा. हे वाक्य प्लेगवरच्या ग्रंथाखाली लिहिले तरी चालते आणि पाकशास्त्राच्या पुस्तकाखाली लिहिले तरी चालते. जी टीप उचलून दुसऱ्या पुस्तकाखाली ठेवली तरी कोणाच्या लक्षात येत नाही, ती टीप त्या पुस्तकाविषयी काहीच सांगत नसते. तुम्ही मेहनत कमी केली असे मला मुळीच वाटत नाही. प्रत्येक पुस्तकातील प्रकरणांची नावेसुद्धा तुम्ही उतरवून घेतली आहेत. मात्र पुस्तकात काय आहे एवढेच तुम्ही सांगितले आणि तुमच्या प्रश्नाला ते काय उत्तर देते, हे सांगायचे राहून गेले.

साधी संदर्भसूची प्रबंधाच्या शेवटी येते आणि लेखकाने काय काय पाहिले याची यादी देते. सटीप संदर्भसूची लेखनाच्या आधी तयार करतात आणि तिच्यातील प्रत्येक नोंदीखाली साधारण शंभर ते दोनशे शब्दांची टीप असते. तळटीप ही वेगळी गोष्ट असते. तिच्याशी हिची गल्लत करू नये. या टिपेत तीन गोष्टी याव्यात, अशी माझी अपेक्षा असते : या साधनाचे म्हणणे काय आहे, ते म्हणणे कशाच्या आधारावर उभे आहे, आणि माझ्या प्रश्नाबाबत ते काय सांगू शकते व काय सांगू शकत नाही. पहिल्या गोष्टीला दोन-तीन वाक्ये पुरतात. दुसरीसाठी प्रस्तावना, तळटिपा आणि लेखकाची भूमिका नीट पाहावी लागते. तिसरी गोष्ट केवळ तुम्हीच लिहू शकता, कारण प्रश्न तुमचा आहे. त्यातही ‘काय सांगू शकत नाही’ हा भाग विद्यार्थी नेहमी गाळतात, जणू पुस्तकाची मर्यादा दाखवणे म्हणजे ग्रंथकाराचा अनादर करणे होय. तसे ते नसते. न्यायालयात साक्षीदाराने काय पाहिले हे विचारतात तसेच तो त्या वेळी कोठे उभा होता हेही विचारतात, आणि त्यात त्याचा अपमान होत नाही.

तुमच्या विषयात तर साक्षीदारांची ही पारख अटळच आहे. पुण्यातील घरतपासणी, म्हणजे प्लेगचे रुग्ण शोधण्यासाठी सैनिकांनी घरोघरी घेतलेली झडती, १८९७च्या मार्च महिन्याच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत चालली. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड यांनी समितीच्या कामाचा जो वृत्तान्त लिहिला, त्यात स्त्रियांच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वासार्ह तक्रार समितीकडे आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलेले आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून इस्पितळात आणि विलगीकरण छावणीत नेल्या जाणाऱ्या मुलींच्या सुरक्षिततेविषयी जाहीर तक्रार केली. गोपाळ कृष्ण गोखले त्या सुमारास भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. परत आल्यावर तो पुराव्यानिशी सिद्ध करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. म्हणजे एकाच शहरातील त्याच काही आठवड्यांविषयी एक अधिकारी तक्रार आली नाही म्हणतो, एक कार्यकर्ती आपले नाव घालून तक्रार छापते आणि एक नेता तक्रार मांडून मागे घेतो. या तिन्ही साधनांखाली ‘अत्यंत उपयुक्त’ असे लिहिले, तर तुमच्या संशोधनाचा गाभाच हातातून निसटतो.

आता या तिघांकडे तुमच्या प्रश्नाच्या बाजूने पाहा. रँड यांच्या वाक्यातील ‘विश्वासार्ह’ आणि ‘हेतुपुरस्सर’ हे दोन शब्द सगळा भार उचलतात. कोणती तक्रार विश्वासार्ह, हे जिच्याविरुद्ध तक्रार करायची तीच यंत्रणा ठरवणार होती. शिवाय परक्या सैनिकाने घरात शिरून आपल्याला कसे वागवले, हे त्या काळातील स्त्रीने अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगणे किती शक्य होते, हाही प्रश्न आहेच. गोखल्यांच्या माफीतून आरोप खोटा होता असे सिद्ध होत नाही आणि खरा होता असेही सिद्ध होत नाही. पत्रे पाठवणाऱ्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते आणि नावांशिवाय पुरावा उभा राहत नव्हता, एवढेच त्यातून दिसते. रमाबाईंच्या पत्राचे महत्त्व त्या स्वतः स्त्रियांची संस्था चालवत होत्या आणि ज्यांच्याविषयी लिहीत होत्या त्या मुलींची जबाबदारी त्यांच्यावर होती, यात आहे; पण त्या ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि त्यांचे पत्र मिशनरी वर्तुळातील इंग्रजी वृत्तपत्रात छापले गेले, त्यामुळे पेठांमधल्या घरांत काय घडले याची ती थेट साक्ष ठरत नाही. असा विचार टिपेत उतरला की टीप त्याच साधनाची होते आणि दुसऱ्या कोणत्याही नोंदीखाली बसत नाही.

रँड यांच्या वृत्तान्तावरील तुमची टीप अशी आहे : ‘या अहवालात पुण्यातील प्लेगविषयी सविस्तर माहिती दिलेली आहे. प्लेग समितीने केलेल्या कामाचे वर्णन यात आहे. हा अहवाल माझ्या विषयासाठी अत्यंत उपयुक्त आहे.’ तिच्याऐवजी मी पुढीलप्रमाणे लिहिले असते. मात्र हा नमुना जसाच्या तसा उतरवून घेऊ नका, तो केवळ दिशा दाखवण्यासाठी आहे.

‘प्लेग समितीच्या अध्यक्षांनी आपल्याच कामाचा दिलेला हा वृत्तान्त आहे. घरतपासणी, रुग्णांना इस्पितळात हलवणे आणि त्यांच्या निकटवर्तीयांना विलगीकरण छावणीत ठेवणे या कामांचे प्रशासनाच्या बाजूने केलेले सलग वर्णन यात मिळते, आणि कामाचा क्रम व व्याप्ती ठरवण्यासाठी मी त्यावर अवलंबून राहणार आहे. स्त्रियांकडून विश्वासार्ह तक्रार आली नाही, हे त्यातील विधान मात्र मी घटनेचा पुरावा म्हणून घेणार नाही. तक्रार नोंदवली जाण्याची वाट किती अरुंद होती, याचा पुरावा म्हणून ते वाचणार आहे. अहवालात स्त्रिया केवळ तपासणीतील अडचण म्हणून येतात, बोलणारी व्यक्ती म्हणून येत नाहीत. रमाबाईंच्या पत्राशी ताडून हे विधान दुसऱ्या प्रकरणात तपासले जाईल.’

ही टीप शंभर शब्दांच्या आसपास आहे. तिच्यात स्तुती नाही आणि निंदाही नाही. सरांना ती वाचून तुमच्या दुसऱ्या प्रकरणाचा अंदाज येतो, आणि सहा महिन्यांनी ते प्रकरण लिहायला बसाल तेव्हा अहवाल पुन्हा मुळापासून न वाचता कोणत्या कामासाठी तो उघडायचा हे तुम्हाला ठाऊक असेल. सटीप संदर्भसूची परीक्षकांपेक्षाही आपल्या स्वतःच्या उपयोगाची असते, असे मी मनापासून मानते.

दुय्यम साधनांचा, म्हणजे नंतरच्या अभ्यासकांनी लिहिलेल्या ग्रंथांचा आणि लेखांचा, विचार थोडा निराळा करावा लागतो. तुमच्या यादीत डेव्हिड अर्नल्ड यांचा ‘कोलोनायझिंग द बॉडी’ (१९९३) हा ग्रंथ आणि राजनारायण चंदावरकर यांचा १८९६ ते १९१४ या काळातील प्लेगची घबराट व साथीचे राजकारण यांवरील निबंध (१९९२) अशा दोन्ही नोंदी आहेत, याचा मला आनंद झाला. परंतु तुम्ही दोघांविषयी जवळजवळ एकच वाक्य लिहिले आहे : ‘लेखकाने वसाहतकाळातील प्लेगचा अभ्यास केला आहे.’ अर्नल्ड यांचा भर वसाहतवादी सत्ता वैद्यकाच्या मार्गाने शरीरापर्यंत कशी पोहोचते यावर आहे. पाश्चात्त्य वैद्यक आणि भारतीय रूढी यांच्यातील टक्कर एवढ्यावरच लोकांच्या प्रतिक्रियांचा उलगडा करण्यावर चंदावरकर समाधानी नाहीत. सरकारी धोरणामागची घबराट आणि स्थानिक राजकारण यांकडे ते लक्ष वेधतात. या दोन टिपा एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. तुमच्या प्रश्नाला कोणाची मांडणी अधिक जवळची आहे आणि स्त्रियांच्या अनुभवापाशी आल्यावर त्या दोन्ही कोठे अपुऱ्या पडतात, हे लिहिण्याचे धाडस करा. मोठ्या अभ्यासकाशी नम्रपणे मतभेद नोंदवण्याचा अधिकार एम. ए.च्या विद्यार्थिनीलाही आहे, फक्त तो त्यांचे लेखन लक्षपूर्वक वाचून कमवावा लागतो.

वर्तमानपत्रांविषयी तुम्ही विचारले आहे. ‘केसरी’ ही एक नोंद करून तिच्याखाली एक टीप लिहिणे पुरेसे नाही. ‘केसरी’ तेव्हा साप्ताहिक होते, आणि साथ सुरू झाली तेव्हाचा त्याचा सूर व तपासणीच्या जाचानंतरचा सूर यांत फरक आहे. म्हणून ज्या अंकातील मजकूर तुम्ही वापरणार आहात त्या अंकाची तारीख, लेखाचे शीर्षक असल्यास ते, आणि पृष्ठ अशी स्वतंत्र नोंद करावी. त्या काळातील अग्रलेखांवर बहुधा लेखकाचे नाव नसे. अशा मजकुरावर टिळकांचे नाव घालण्याचा मोह आवरावा आणि नोंद शीर्षकाखाली किंवा वर्तमानपत्राच्या नावाखाली करावी. सरकार दर आठवड्याला देशी वृत्तपत्रांचा इंग्रजी गोषवारा छापत असे, आणि तुमच्या यादीत त्याचीही नोंद आहे. हे साधन हाताशी येण्यास सोपे असल्याने विद्यार्थी त्यालाच मूळ वर्तमानपत्र समजून चालतात. प्रत्यक्षात तो सरकारी भाषांतरकाराने, सरकारच्या कुतूहलाचे विषय निवडून काढलेला सारांश असतो. ज्या लेखाचा मूळ अंक मिळेल तो मूळ अंकातूनच घ्यावा, आणि न मिळाल्यास गोषवाऱ्यातून घेतल्याचे टिपेत स्पष्ट सांगावे. पुराभिलेखागारातील कागदांच्या बाबतीत विभाग, वर्ष, खंड आणि असल्यास संकलन क्रमांक उतरवल्याशिवाय जागेवरून उठू नका. तोच खंड पुन्हा मागवण्यात एक अख्खा दिवस जातो.

चाळिसांतून पंचवीस निवडताना प्रसिद्ध नावांच्या ओढीपासून सावध राहावे. सावित्रीबाई फुले यांच्यावरील चार पुस्तके तुमच्या यादीत आहेत. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांना साथीची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ही घटना पुण्यातील प्लेगच्या इतिहासात मोलाची आहे. पण सैनिकांकडून घरतपासणी सुरू झाली ती त्यानंतर. त्यामुळे साथीच्या काळातील स्त्रियांच्या सेवाकार्यासाठी एक नोंद पुरेशी आहे, आणि घरतपासणीच्या पुराव्यात तिचा समावेश करू नये. दामोदर हरी चापेकर यांनी तुरुंगात लिहिलेले आत्मवृत्त जरूर ठेवा. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडणाऱ्या माणसाची ती साक्ष आहे. त्यात स्त्रियांच्या विटंबनेचा उल्लेख आला, तर तो संतप्त तरुण पुरुषाच्या दृष्टीतून आलेला आहे. स्त्रीची अब्रू हा पुरुषांच्या राजकारणाचा विषय कसा झाला हे त्यातून कळेल, स्त्रीला स्वतःला काय वाटले हे कळणार नाही. हा फरक टिपेत आला, तर तुमच्या प्रबंधाला एक स्वतंत्र प्रकरण मिळू शकते.

पूर्ण न वाचलेले पुस्तक सूचीत घेता येते, परंतु लपवून नाही. साडेतीनशे पानांच्या ग्रंथातील एकच प्रकरण तुमच्या कामाचे असेल, तर त्या प्रकरणाची नोंद करा, त्याची पृष्ठे द्या, आणि प्रस्तावना व ते प्रकरण नीट वाचून त्यापुरतीच टीप लिहा. मलपृष्ठावरचा मजकूर किंवा लेखाचा गोषवारा शब्द फिरवून टीप म्हणून देणे मात्र वाङ्मयचौर्यात मोडते. आपल्या विद्यार्थिदशेत मी एका जुन्या अहवालाची नोंद दुसऱ्याच्या सूचीतून उचलली होती, आणि त्या सूचीतील प्रकाशनवर्ष चुकलेले होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी त्या अहवालाचे मुखपृष्ठ आणून दाखवायला सांगितले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून मुखपृष्ठ आणि त्यामागचे पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी नोंद करत नाही. दुसऱ्या ग्रंथात उद्धृत झालेला मजकूर वापरायचा असेल, तर ‘उद्धृत’ असे म्हणून तुम्ही प्रत्यक्ष वाचलेल्या ग्रंथाचीच नोंद करावी.

नोंदीच्या बांधणीविषयी थोडक्यात सांगते. एमएलए, एपीए किंवा शिकागो या संदर्भ नोंदवण्याच्या पद्धतींपैकी तुमचा विभाग जी पद्धत मानतो ती एकच शेवटपर्यंत पाळावी. मराठी आणि इंग्रजी नोंदी दोन स्वतंत्र विभागांत, मराठीच्या अकारविल्हे आणि इंग्रजीच्या वर्णानुक्रमे लावणे मला सोयीचे वाटते. मिसळून लावल्या तर वाचणाऱ्याची शोधाशोध वाढते. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे ‘क’ आणि ‘ज’ यांच्याखाली घ्यायचे की वर्णमालेच्या अखेरीस, हे आरंभीच ठरवा. जुन्या मराठी पुस्तकांवर शकवर्ष असते. त्यात ७८ मिळवल्यावर इसवी सन मिळतो, मात्र जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. तुमच्याच विषयात मार्च १८९७ हा महिना शके १८१८मध्ये पडतो आणि जून १८९७ हा शके १८१९मध्ये, त्यामुळे ही बेरीज चुकली तर तपासणी एक वर्ष पुढे किंवा मागे सरकेल. मराठीत कोणती पुस्तके निघाली याचा माग काढण्यासाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ पाहा. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळाचा आहे. नोंदी झोटेरोसारख्या, संदर्भ साठवणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत ठेवल्या तर टिपाही तेथेच जोडता येतात, परंतु मराठी नावांत ती आडनाव आणि नाव यांची अदलाबदल करते का, हे प्रत्येक नोंदीला तपासून घ्यावे.

एआयविषयी मी स्पष्टच सांगते : टिपा त्याच्याकडून लिहून घेऊ नका. ही साधने खऱ्या लेखकाचे नाव, खऱ्या नियतकालिकाचे नाव आणि पटण्याजोगे वर्ष जुळवून कधीही न लिहिल्या गेलेल्या लेखाची नोंद बिनदिक्कत तयार करतात, आणि ती दिसायला खऱ्यासारखीच असते. लेख खरा असला तरी अडचण सुटत नाही, कारण रँड यांच्या वाक्यातील ‘विश्वासार्ह’ या शब्दापाशी तुम्ही स्वतः अडखळला नाहीत, तर दुसरे प्रकरण तुमच्या डोक्यात उभे राहणार नाही. कठीण इंग्रजी परिच्छेद समजून घेण्यासाठी किंवा शोधाचे शब्द सुचवून घेण्यासाठी मदत घेतली, तर ती सरांना सांगून घ्या आणि हाती आलेले प्रत्येक शीर्षक ग्रंथालयात प्रत्यक्ष पडताळून पाहा.

महिन्यातील पहिला आठवडा टिपा न लिहिता घालवा. तुमचा प्रश्न एका वाक्यात लिहून वहीच्या पहिल्या पानावर ठेवा. सध्याचा ‘स्त्रियांचा अनुभव’ फार पसरट आहे. कोणत्या स्त्रिया, पेठेतल्या की छावणीत नेलेल्या, आणि त्यांचा अनुभव कोणाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत आला, इतके तरी त्या वाक्यात यावे. मग रँड, रमाबाई आणि गोखले यांच्या तीनच टिपा लिहून सरांना दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐकल्यावर उरलेल्या बावीस टिपांकडे वळा.